कवटीतला सातबारा

तुमचे ओठ तुमच्या पाठीपेक्षा मोठे आहेत. आरशात तसं दिसणार नाही, पण मेंदूच्या दप्तरी नोंद तशीच आहे. पटत नसेल तर घरातल्या कुणाला तरी डोळे मिटून बसायला सांगा. दोन टूथपिक घ्या आणि त्यांची टोकं तीनेक मिलिमीटर अंतरावर धरून बोटाच्या टोकाला अलगद टेकवा. किती टोकं लागली, विचारा. उत्तर येईल, दोन. आता तेवढ्याच अंतराने पाठीवर टेकवा. उत्तर येईल, एक. पाठीवर दोन टोकं वेगवेगळी कळायला ती एकमेकांपासून चांगली तीन-चार सेंटिमीटर दूर न्यावी लागतात. पाठीची कातडी ऐसपैस, पण मेंदूत तिच्या वाट्याला आलेली जागा तुटपुंजी. बोटांचं आणि ओठांचं नेमकं उलटं.

ही जागा आहे प्रमस्तिष्काच्या कॉर्टेक्सवर, म्हणजे मेंदूच्या अगदी वरच्या करड्या थरावर. पाहणं, ऐकणं, बोलणं, हात हलवणं, बेत आखणं, सगळ्याला इथे क्षेत्र नेमून दिलेलं आहे. म्हणून हा थर सातबाऱ्यासारखा वाचावा: कुणाच्या नावावर किती क्षेत्र, हद्द कुठे, आणि प्रत्यक्षात कसतो कोण. शेवटचा प्रश्न सगळ्यात रंगतदार आहे.

४५ सेंटिमीटरचा चौरस

कॉर्टेक्सची जाडी दोन ते चार मिलिमीटर. मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांवरचा कॉर्टेक्स उलगडून पसरला तर सुमारे २००० चौरस सेंटिमीटर भरेल, म्हणजे ४५ सेंटिमीटर बाजूचा एक चौरस. एवढं क्षेत्र कवटीत बसतं ते घड्यांमुळे. जवळजवळ दोन तृतीयांश भाग खाचांच्या आत दडलेला असतो. मेंदूच्या चित्रात आपल्याला दिसतो तो उरलेला एक तृतीयांश.

या घड्या पडतात कशा? गर्भ वीसेक आठवड्यांचा होईपर्यंत मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो. हार्वर्ड विद्यापीठातले एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. गर्भाच्या मेंदूच्या एमआरआयवरून त्यांनी जेलचा हुबेहूब मेंदू घडवला, त्यावर जेलचाच एक पातळ थर दिला आणि तो द्रावणात बुडवला. वरचा थर द्रावण शोषून फुगत गेला, आतला गाभा तसाच राहिला. फुगणाऱ्या थराला जागा पुरेना, तेव्हा तो दुमडला. पडलेल्या खाचा खऱ्या मेंदूतल्या खाचांशी बऱ्याच जुळल्या. वळ्यांची मोठी जबाबदारी साध्या दाबा-ताणावर आहे, हे तिथे डोळ्यांनी दिसलं.

आता लोकसंख्या. मेंदूत १०० अब्ज चेतापेशी असतात, हा आकडा वर्षानुवर्षं पुस्तकांतून फिरत होता. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांनी तो तपासायचं ठरवलं. त्यांची पद्धत ऐकायला अघोरी वाटेल: मेंदूचा भाग विरघळवून त्याचं एकजीव सूप करायचं, आणि त्यात तरंगणारी पेशींची केंद्रकं मोजायची. २००९ साली उत्तर आलं, सुमारे ८६ अब्ज. त्यातल्या कॉर्टेक्समध्ये फक्त १६ अब्ज. मागच्या बाजूला खाली बसलेल्या चिमुकल्या अनुमस्तिष्कात तब्बल ६९ अब्ज! कॉर्टेक्स आणि त्याखालचे तंतू मिळून मेंदूच्या वजनाचा चार पंचमांश वाटा उचलतात, पण चेतापेशींत त्यांचा हिस्सा पाचवासुद्धा नाही.

आफ्रिकन हत्तीचा मेंदू आपल्या तिप्पट, चेतापेशी २५७ अब्ज. मग हत्ती आपल्यापेक्षा हुशार का नाही? कारण त्याच्या कॉर्टेक्समध्ये जेमतेम साडेपाच अब्ज चेतापेशी आहेत. बाकी जवळजवळ सगळ्या अनुमस्तिष्कात. इथवर माणसाची मान ताठ होते. पण पायलट व्हेल या समुद्री सस्तन प्राण्याच्या एका जातीत कॉर्टेक्समधल्या चेतापेशी ३७ अब्ज भरल्या. नुसत्या संख्येवरून हुशारी ठरवण्याची घाई नको, एवढं त्यावरून नक्की कळतं.

सहा मजली, आणि वरचे भाडेकरू उशिरा आलेले

कॉर्टेक्सच्या बहुतेक भागात एकावर एक सहा थर असतात आणि प्रत्येकाचं काम वाटून दिलेलं असतं. बाहेरची खबर मुख्यतः चौथ्या थरात येते. दुसरा-तिसरा थर कॉर्टेक्समधल्याच इतर भागांशी बोलतो. पाचव्यातून हुकूम खाली सुटतात, पार मज्जारज्जूपर्यंत. म्हणून दृष्टीच्या क्षेत्रात चौथा थर जाडजूड आहे आणि हालचालींच्या क्षेत्रात तो विरळ होत होत जवळजवळ दिसेनासा झालेला आहे. हालचालींच्या पाचव्या थरात मात्र व्लादिमीर बेत्झ यांनी १८७४ साली दाखवलेल्या राक्षसी पेशी आहेत. पायाकडे हुकूम नेणाऱ्या अशा एका पेशीचा तंतू डोक्यातून निघून थेट कंबरेपर्यंत उतरतो.

हे थर बघायला सूक्ष्मदर्शकच लागतो असंही नाही. १७७६ साली पार्मामध्ये फ्रान्चेस्को जेनारी हा वैद्यकाचा विद्यार्थी गोठवलेला मेंदू कापत होता. मागच्या बाजूच्या कॉर्टेक्समध्ये त्याला एक पांढरी रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसली. ही रेघ जिथवर आहे तिथवर दृष्टीचं मुख्य क्षेत्र आहे, हे कळायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली. हद्द आधी सापडली, मालक नंतर.

चेतापेशी कॉर्टेक्समध्ये जन्मत नाहीत. गर्भाच्या मेंदूत खोल आतल्या पोकळीच्या कडेला त्या तयार होतात आणि आधाराच्या लांबलचक पेशींना धरून वर चढतात. आधी आलेल्या खालच्या थरात मुक्काम करतात, नंतर आलेल्या त्यांना ओलांडून वर जातात. आपल्याकडे मद्रास आयआयटीच्या सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने २०२४ साली गर्भाच्या मेंदूचे ५१३२ छेद पेशी दिसतील इतक्या बारकाईने टिपून जगातल्या सगळ्या संशोधकांसाठी खुले केले. कॉर्टेक्स रचला जात असतानाचा हा काळ त्यात पाहता येतो. भारतातल्या प्रयोगशाळेने जगाला दिलेली ही मोठी भेट आहे आणि शाळा-कॉलेजांत तिची ओळख व्हायला हवी.

एकदा मुक्काम केलेल्या या पेशी मग जन्मभर तिथेच. हे सिद्ध झालं ते अणुबाँबमुळे! १९५५ ते १९६३ या काळात हवेत झालेल्या अणुचाचण्यांनी वातावरणातला कार्बन-१४ एकदम वाढवला. तो वनस्पतींत, अन्नात आणि माणसांच्या डीएनएत शिरला. पेशी ज्या वर्षी जन्मली त्या वर्षाच्या हवेचा शिक्का तिच्या डीएनएवर बसला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००६ साली हे शिक्के वाचले. कॉर्टेक्समधल्या चेतापेशींचं वय निघालं त्या माणसाच्या वयाइतकंच. तुम्ही पन्नाशीत असाल तर हे वाक्य वाचणाऱ्या तुमच्या पेशीही पन्नाशीतल्या आहेत.

ड्रेसिंग टेबलावर झालेली मोजणी

क्षेत्र कुणाचं, हे ठरवण्याची पहिली विजेची मोजणी १८७० साली बर्लिनमध्ये झाली. गुस्ताव फ्रित्श आणि एडुआर्ड हित्झिग या दोघांकडे प्रयोगशाळेत जागा नव्हती. मग त्यांनी हित्झिग यांच्या घरी, त्यांच्या पत्नीच्या ड्रेसिंग टेबलावर, कुत्र्याच्या कॉर्टेक्सला सौम्य वीज लावली. एका जागी लावली की उलट बाजूचा पुढचा पाय हलायचा, दुसऱ्या जागी लावली की मागचा.

माणसाचा नकाशा काढला तो माँट्रियलच्या वाइल्डर पेनफील्ड यांनी. मेंदू स्वतः दुखत नाही, त्याला वेदनेची जाणीवच नाही. त्यामुळे अपस्माराची शस्त्रक्रिया रुग्ण जागा असताना, कवटीपुरती भूल देऊन करता येते. कुठला भाग कापायचा नाही हे कळावं म्हणून पेनफील्ड इलेक्ट्रोडने एकेक जागा चाळवायचे आणि रुग्णाला विचारायचे, काय जाणवलं? अशा दीडशेहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदींतून १९३७ साली त्यांनी शरीराचा नकाशा मांडला. पावलं दोन अर्धगोलांच्या मधल्या भेगेत. तिथून वर येऊन बाहेरच्या अंगाने उतरत गेलं की पाय, धड, दंड, हात, मग चेहरा आणि जीभ. जागेच्या प्रमाणात त्यांनी माणूस काढवून घेतला, तो असा दिसतो: पंजे सुपाएवढे, ओठ जाडजूड, जीभ भलीमोठी आणि धड किडकिडीत. पाठ्यपुस्तकांत आजही तो आहे.

इतकं जुनं चित्र, पण त्यातही दुरुस्ती निघाली. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली दाखवलं की हालचालींची ही पट्टी सलग नाही. पाऊल, हात आणि तोंड यांच्या क्षेत्रांच्या अधेमधे असे तुकडे आहेत जे कुठल्याच एका अवयवाचे नाहीत. बेत आखणाऱ्या आणि रक्तदाब, हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या यंत्रणांशी त्यांचे धागे जुळलेले आहेत. उठायचा नुसता विचार केला तरी शरीर आतून तयारीला लागतं, त्यामागे बहुधा हेच तुकडे असावेत.

सगळ्या क्षेत्रांना क्रमांक देण्याचं काम जर्मनीच्या कोर्बिनिअन ब्रोडमान यांनी १९०९ साली केलं. पेशींची मांडणी जिथे बदलते तिथे हद्द, या एकाच नियमावर. क्रमांक ५२ पर्यंत जातात. मज्जाशास्त्राचे लोक अजूनही १७ म्हणाले की दृष्टी, ४ म्हणाले की हालचाल असं समजतात. २०१६ साली २१० निरोगी तरुणांच्या एमआरआयवरून नवी मोजणी झाली आणि एकेका अर्धगोलात १८० क्षेत्रं भरली. त्यातली ९७ आधी कुणी नोंदलेलीच नव्हती.

आणि ही सगळी झाली वरवरची पाहणी. खोल उतरून किती दिसतं ते २०२४ साली हार्वर्ड आणि गूगल यांनी मिळून दाखवलं. शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या मानवी कॉर्टेक्सचा जेमतेम एक घन मिलिमीटर तुकडा त्यांनी पाच हजारांहून अधिक कापांत छेदला. त्यात सुमारे ५७,००० पेशी आणि चेतापेशींमधले १५ कोटी सांधे सापडले. एवढ्याशा तुकड्याच्या छायाचित्रांनी १४ लाख गिगाबाइट जागा खाल्ली.

मिलानचा अर्धा चौक

या विषयातला माझा सर्वांत आवडता प्रयोग अगदी बिनखर्चाचा आहे. १९७८ साली इटलीतल्या मिलानमध्ये एदोआर्दो बिसिआक आणि क्लाउदिओ लुझात्ती यांनी तो केला. त्यांच्या रुग्णांच्या मेंदूला उजव्या अंगाला इजा झाली होती. अशा काही रुग्णांची डावी बाजूच जगातून पुसली जाते. डोळे ठणठणीत असतात, पण ताटातला डावीकडचा घास राहून जातो, चेहऱ्याच्या डाव्या अर्ध्याची दाढी करायची राहते.

या रुग्णांना मिलानचा कॅथेड्रलसमोरचा चौक पाठ होता. संशोधकांनी सांगितलं, कल्पना करा की तुम्ही चौकाच्या दुसऱ्या टोकाला, कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात. आजूबाजूला काय काय दिसतं? त्यांनी उजवीकडच्या इमारती भराभर सांगितल्या, डावीकडच्या वगळल्या. मग सांगितलं, आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहा आणि चौकाकडे बघा. रुग्णांनी आता नेमक्या मघाशी वगळलेल्या इमारती सांगितल्या, कारण त्या आता उजवीकडे आल्या होत्या. मघाशी सांगितलेल्या गायब! म्हणजे आठवण शाबूत होती. मनातल्या चौकाकडे बघतानाही बघणाऱ्याला डावी बाजू उरली नव्हती. बाहेरचं जग पाहायला आणि मनातलं जग पाहायला कॉर्टेक्स बरीचशी तीच जागा वापरतो, याचा इतका सुंदर पुरावा दुसरा नाही.

गोळीने काढलेला नकाशा, गोठलेला चहा

रशिया-जपान युद्धात (१९०४-०५) नव्या बंदुकांच्या बारीक, वेगवान गोळ्या कवटीतून आरपार जात आणि सैनिक जगत. तात्सुजी इनोउये या जपानी नेत्रतज्ज्ञावर जखमी सैनिकांना किती अंधत्व आलं ते मोजायची जबाबदारी होती. गोळी कुठून शिरली, कुठून निघाली आणि नजरेचा कुठला तुकडा गेला, हे जुळवत त्यांनी १९०९ साली दृष्टिक्षेत्राचा नकाशा मांडला. तुम्ही आत्ता ज्या शब्दावर नजर रोखली आहे, त्या इवल्याशा मध्यभागाला मेंदूत प्रचंड जागा आणि कडेच्या विस्तीर्ण दृश्याला थोडकी, हे त्यातून कळलं. बोटं आणि पाठ यांचाच न्याय इथेही.

शिवाय दृष्टी म्हणजे एकच खातं नाही. रंगाला वेगळं क्षेत्र, चेहऱ्यांना वेगळं, हालचालीला वेगळं. जर्मनीत १९८३ साली नोंदलेल्या एका बाईंच्या मेंदूतलं दोन्ही बाजूंचं फक्त हालचाल टिपणारं क्षेत्र निकामी झालं होतं. वस्तू, रंग, माणसं, सगळं त्यांना दिसायचं, पण हलताना दिसायचं नाही. कपात चहा ओतताना धार थिजलेली दिसे आणि कप कधी भरला ते समजत नसे. रस्ता ओलांडणं अशक्य झालं, कारण दूर असलेली गाडी क्षणात अंगाशी आलेली असे. मधला प्रवास नाहीच.

कोंबडी आणि फावडं

डाव्या मेंदूची माणसं हिशेबी आणि उजव्या मेंदूची कलावंत, हे पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरणारं तत्त्वज्ञान सोडून द्या. २०१३ साली युटा विद्यापीठाने १०११ जणांचे मेंदू तपासले, तेव्हा एका बाजूचा पगडा असलेली माणसं सापडली नाहीत. कामाची विभागणी मात्र खरी आहे. बहुतेकांची भाषा डावीकडे असते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी लबोर्न्य नावाच्या रुग्णाचा मेंदू तपासला, तेव्हापासून हे माहीत आहे. लबोर्न्यला सगळं समजायचं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा: तां.

दोन बाजूंना जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा जुडगा काही अपस्मार रुग्णांत कापावा लागला. अशा रुग्णांवरच्या कामासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ चं नोबेल मिळालं. त्यांचे शिष्य मायकेल गॅझॅनिगा यांनी एका तरुणाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पंजा दाखवला आणि उजव्याला बर्फाने भरलेलं अंगण. समोरच्या चित्रांतून जुळेल ते निवडायला सांगितलं. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्या हाताने फावडं, कारण बर्फ उपसायचा होता. पण फावडं का, हे सांगायचं होतं बोलणाऱ्या डाव्या मेंदूला, आणि त्याने बर्फ पाहिलाच नव्हता. तो क्षणभरही अडला नाही. कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच, असं त्याने बिनदिक्कत सांगितलं. आपल्या कृतीचं कारण देताना आपल्याला जी खात्री वाटते, तिच्याकडे हा प्रयोग कळल्यावर पूर्वीसारखं पाहता येत नाही.

वाचनाला जागा मिळाली कुठून?

लिपी साधारण पाच हजार वर्षांची. उत्क्रांतीच्या मानाने कालची गोष्ट. तेव्हा वाचनासाठी खास क्षेत्र जन्मतः राखून ठेवलेलं असणं शक्यच नाही. तरीही डोक्याच्या डाव्या बाजूला, मागे खालच्या अंगाला एक ठिकाण आहे, जे कुठलीही लिपी वाचताना जागं होतं. फ्रान्समधले स्तानिस्लास दहेन यांचं म्हणणं असं की वस्तू आणि आकार ओळखणाऱ्या जुन्या क्षेत्रातला तुकडा वाचन शिकताना अक्षरांकडे वळवला जातो. हा भाग उरलेल्या दृष्टीपासून तुटला तर काय होतं, ते १८९२ साली पॅरिसमध्ये ज्यूल देजेरिन यांनी नोंदवलं. त्यांच्या रुग्णाला अस्खलित लिहिता यायचं, पण स्वतः लिहिलेली चिठ्ठी वाचता यायची नाही.

अक्षरांना जागा दिली तर कुणाचं तरी नुकसान होत असेल का? याचं उत्तर आपल्या देवनागरीने दिलं. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक तिशीतल्या बाया, युरोपातल्या माक्स प्लांक संस्थांच्या आणि भारतीय संशोधकांनी सहा महिने वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. २०१७ सालच्या निष्कर्षांत दिसलं की बदल कॉर्टेक्सपुरते थांबले नाहीत, त्याखालच्या जुन्या केंद्रांशी असलेला त्याचा ताळमेळही सुधारला. तिशीत, सहा महिन्यांत! त्याच भागातल्या साक्षर-निरक्षरांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेहरे ओळखण्याच्या कामाला वाचनामुळे धक्का लागल्याचं दिसलं नाही. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात बसलेल्या आजीला आता कशाला, असं विचारणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

लहानपणापासून वेद मुखोद्गत केलेल्या २१ पंडितांचे स्कॅनही मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या सहभागाने २०१६ साली अभ्यासले गेले. इतरांच्या तुलनेत त्यांच्या कॉर्टेक्सच्या बऱ्याच भागांत करडा थर अधिक भरला. तो पाठांतराने वाढला की मुळातच तसा असलेली मुलं पाठांतरात टिकली, हे एका वेळच्या स्कॅनवरून ठरत नाही. पाठांतराचे वर्ग विकणाऱ्यांनी ही अर्धी बाजू सांगू नये.

कसेल त्याची?

जन्मांध माणसाच्या दृष्टिक्षेत्राचं काय होतं? ते पडीक राहत नाही. १९९६ साली दिसलं की ब्रेल वाचताना लहानपणापासून अंध असलेल्यांचा दृष्टीचा कॉर्टेक्स कामाला लागतो. पण नुसता कामाला लागतो की खरंच उपयोगी पडतो? याचं उत्तर एका जन्मांध बाईंच्या दुर्दैवी आजारातून मिळालं. त्या ब्रेल उत्तम वाचत. पक्षाघाताने त्यांचा दोन्ही बाजूंचा दृष्टीचा कॉर्टेक्स गेला. बोटांचा स्पर्श शाबूत होता, पण ब्रेल वाचणं संपलं. डोळ्यांनी कधीही न पाहिलेल्या बाईंचं वाचन दृष्टीच्या क्षेत्रावर उभं होतं.

म्हणजे कसेल त्याची जमीन? इतकं सरळ नाही. पाच दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून ब्रेल शिकलेल्या डोळस लोकांतही दृष्टीचा कॉर्टेक्स स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागला, आणि पट्टी सोडल्यावर एका दिवसात तो प्रतिसाद मावळला. इतक्या झटपट नवे तंतू उगवत नाहीत. वाटा आधीपासून असणार, फक्त वापरात नसणार.

उलट बाजूचा पुरावाही आहे. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की हात तोडावा लागलेल्या काहींना गालाला कापसाचा बोळा लावला तर नसलेल्या बोटांना स्पर्श जाणवतो. नकाशात हात आणि चेहरा शेजारी, म्हणून चेहऱ्याने हाताच्या क्षेत्रावर अतिक्रमण केलं, असा अर्थ लावला गेला आणि तो तीस वर्षं शिकवला गेला. २०२५ साली केंब्रिजच्या तमार मेकिन यांच्या गटाने तीन रुग्णांचे स्कॅन हात काढण्याआधी आणि नंतर, काहींचे पाच वर्षांपर्यंत, घेतले. हाताचा नकाशा जागच्या जागी होता. हात गेला, सातबाऱ्यावरचं नाव राहिलं. माझं मत विचाराल तर मोठेपणी मालकी सहसा बदलत नाही, वहिवाट तेवढी बदलते. मालकी ठरते बालपणी.

दोन डोळ्यांचा वाद

मालकी बालपणी ठरते, याचा सर्वांत सज्जड पुरावा डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांचा. त्यांनाही १९८१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्यांच्या सुरुवातीच्या प्रयोगात मांजरीच्या दृष्टिक्षेत्रातल्या पेशी ठिपक्यांना दाद देत नव्हत्या. एकदा काचेची पट्टी सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून गेली आणि पेशी तडतडली. ती रेघेची वाट पाहत होती, तीही ठरावीक तिरकस रेघेची. पुढे १९६० च्या दशकात त्यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा पहिले दोन-तीन महिने मिटलेला ठेवला. नंतर उघडला, तेव्हा डोळा निरोगी होता, पण कॉर्टेक्समधली त्याची जवळजवळ सगळी जागा उघड्या डोळ्याने घेतलेली होती. मोठ्या मांजरीचा डोळा त्याहून जास्त काळ मिटला तरी असं होत नव्हतं.

माणसाच्या मुलांत हेच होतं. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल, तो तिरळा असेल किंवा त्यात जन्मतः मोतीबिंदू असेल, तर मेंदू दुसऱ्याच डोळ्याचं ऐकू लागतो. शंभरातल्या दोन-तीन मुलांचा एक डोळा असा आळशी होतो. मूल तक्रार करत नाही, कारण चांगल्या डोळ्याने त्याचं सगळं चाललेलं असतं. लवकर कळलं तर चष्मा देऊन आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून मागे पडलेल्या डोळ्याला जागा परत मिळवून देता येते. साधारण सातव्या वर्षापर्यंत हा उपाय उत्तम लागू पडतो, पुढे तो अवघड होत जातो. म्हणून घरातल्या मुलाला पहिलीत घालण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे एकदा घेऊन जा आणि दोन्ही डोळे एकेक झाकून, वेगवेगळे तपासून घ्या.